टेक्स्चर ब्रशच्या आधी उजेड
तुमच्या डिजिटल चित्रातल्या महाकाय वानराचा चेहरा प्लास्टिकचा दिसतोय म्हणता, आणि वरच्या उत्तरांत सगळे टेक्स्चर ब्रश (कातडीचा पोत ठशासारखा उमटवणारे ब्रश) सुचवताहेत. माझ्या मते गडबड त्याआधीची, उजेडाची आहे. कातडी काळी असली तरी निव्वळ काळा रंग फार कमी लागतो. भुवईच्या उंचवट्यावर आकाशाचा निळसर उजेड, हनुवटीखाली जमिनीचा तपकिरी. इथे बडोद्यात गच्चीवर काळतोंडी वानरं येतातच, सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे फोटो काढून बघा (चष्मा सांभाळून!).

नाकावरच्या सुरकुत्या मात्र हातानेच काढा. प्रत्येक गोरिलाच्या त्या वेगळ्या असतात, संशोधक त्यांवरून त्यांना ओळखतात. तिथे ब्रशचा ठसा लगेच उघडा पडतो. रंध्रांना ठसा चालेल, पण फिकट, वेगळ्या लेअरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर).