आजारी ओक वाचवायला आगीचं काम हाताने करायचं, पटतंय का?

टेकडीवाला, कोथरूड:
कॅलिफोर्नियातल्या ओकबद्दल वाचतोय आणि डोक्यातून जातच नाहीये. तिथले मूळ रहिवासी, करुक, युरोक वगैरे, ओकखाली अधूनमधून हलकी आग लावायचे, पाचोळा जळायचा, गळालेल्या फळांतल्या अळ्या मरायच्या, झुडपांची दाटी कमी व्हायची आणि राख मातीत जायची. १८५० च्या कायद्याने त्यांच्या या आगींवर शिक्षा आली, आणि नंतर कितीतरी दशकं आग दिसली की विझवा हेच धोरण. आता ली क्लिंगर नावाचे शास्त्रज्ञ म्हणतात, आग लावता येत नाही ना, मग तिचं काम हाताने करा. खोडावरचं शेवाळ खरवडा, चुना लावा, मुळांशी खनिजं द्या, भोवतीची गर्दी काढा. मला हे मनापासून पटतं. झाड सुकलं की आपण औषध विचारतो, ते कशात उभं आहे हे कोण बघतं? पुण्यात तर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक!

सुपारीवाली:
दादा, तिथे ओक मरतायत ते फायटोफ्थोरा रॅमोरम या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे, २००० साली शोधून काढलंय. आमच्या सुपारीवरच्या कोळे रोगाची ही सख्खी भावकी. पावसात तो बे लॉरेल नावाच्या तिथल्या झाडाच्या पानांवर वाढतो आणि तिथून ओकवर उतरतो. म्हणून तिथे ओकजवळचे बे तोडतात आणि ओकला फॉस्फोनेट हे औषध देतात. आम्हीही पावसाआधी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतो, त्यात चुना असतो, पण बुरशीला मारतं ते मोरचुदातलं तांबं. नुसत्या चुन्यावर भरवसा ठेवून झाड घालवू नका.

टेकडीवाला:
ताई, पण बे तोडणं म्हणजे गर्दी काढणंच झालं की! २००५ च्या एका अभ्यासात १९५० नंतर जळालेल्या भागात हा रोग फारच क्वचित सापडला होता. मग आगीचा संबंध नाही असं कसं म्हणायचं?

सुपारीवाली:
संबंध असेल, पण म्हणून शेवाळ खरवडून रोग जातो हे सिद्ध होत नाही. आगीत बे जळले असतील, तेवढंही कारण पुरे आहे.

मुळशीकर:
आमच्याकडे भाताचा राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायची जागा फांद्या-पाचोळा जाळून भाजतात, तण जातं, राख मिळते, रोपं जोमात येतात हे खरंय. पण त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून तोडून झाडं खुंटली हेही बघा. आणि कृपा करून हे वाचून कोणी टेकडीवर काडी लावू नका, उन्हाळ्यातल्या वणव्यात लावलेली रोपं आधी जातात, लोक वर्षभर कॅन वाहून पाणी घालतात हो त्यांना.

माती_परीक्षण:
एक महत्त्वाचं. चुन्याची सगळी मांडणी आम्लधर्मी मातीवर उभी आहे. आपली काळी माती बेसॉल्टची, पीएच बऱ्याच ठिकाणी आधीच ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. त्यात आणखी चुना घातलात तर लोह असून मुळांना मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरू लावतात ते वेगळं, ते खोडावरच राहतं.

टेकडीवाला:
म्हणजे पुण्यात चुना बाद. पण बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडणं, माती मोकळी करणं, पाचोळा न जाळता तिथेच कुजवणं, याला तर कुठला पीएच आडवा येत नाही ना? सोसायटीतल्या सुकत चाललेल्या कडुनिंबापासून सुरू करतोय, रविवारी कोण येतंय?

सुपारीवाली:
पहार घेऊन मी येते. पण मुळाचा तुकडा आधी कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्रवाल्यांना दाखवा, मूळकूज निघाली तर नुसती माती मोकळी करून भागायचं नाही.