मदत हवी आहे: नव्या घरातला पहिला हॅलोविन, आठ दिवसांनी दिवाळी. दाराशी काय मांडू?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही न्यू जर्सीत स्वतःच्या घरात राहायला आलो. आधीची नऊ वर्षं अपार्टमेंटमध्ये गेली. तिथे दारावर कागदी वटवाघूळ चिकटवलं की हॅलोविन झाला. आता पोर्च आहे, पुढे छोटंसं अंगण आहे, आणि गल्लीत सप्टेंबर संपायच्या आतच सजावट सुरू झालीय. समोरच्यांकडे तो बारा फुटी सांगाडा उभा आहे (होम डेपो या दुकानाने २०२० मध्ये आणला, तोच), शेजारच्यांनी गवतात थडग्यांचे खोटे दगड रोवलेत. लेक सात वर्षांची आहे. शाळेच्या बसमधून उतरली की रोज एकच प्रश्न, "आई, आपलं कधी?"

अडचण अशी की सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. यंदा ३१ ऑक्टोबरला शनिवार आहे आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. मी कवट्यांची माळ दाखवली तर त्या एवढंच म्हणाल्या, "दिवाळीच्या तोंडावर उंबऱ्यावर हाडं नकोत गं." त्यांनी हट्ट धरलेला नाही, रागावल्याही नाहीत. म्हणूनच मला त्यांचं मन मोडायचं नाही. आणि लेकीचंही नाही.

दुसरी गोष्ट, हॅलोविनला चेहरा कोरून दाराशी ठेवतात त्या भोपळ्याची. गेल्या वर्षी आम्ही हौसेने १२ तारखेलाच कोरला. आठवड्याभरात आत राखाडी, कापसासारखी बुरशी आली, कोरलेले दात आत वळले आणि एका सकाळी तो बसकाच झाला. बाल्कनीच्या फळ्यांवर काळं पाणी पसरलं होतं. लेक खूप रडली, कारण डोळे तिने स्वतः काढले होते. यंदा तसं व्हायला नको. शिवाय इथे खारी फार आहेत.

तिसरी माझ्या जिव्हाळ्याची. लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हॅलोविनच्या रात्री मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात, तशी तीही पिशवी भरून आणते आणि घरी आल्यावर मी त्यातलं निम्मं काढून घेते. आमच्या दारी येणाऱ्या अशा मुलांना तरी हात हलवत परत जायला लागू नये असं फार वाटतं. ते आधी कळवायचं कसं?

बजेट साधारण दीडशे डॉलर. घरातही थोडं करायचं आहे, पण देवघर हॉलमध्येच आहे, त्यामुळे तिथे भुताखेतांचं काही नको.

*

प्रतिसाद:

आधी भोपळा. अख्खा भोपळा पोर्चवर कित्येक आठवडे टिकतो, कोरलेला मात्र जेमतेम आठवडाभर. म्हणून आता अख्खे आणून ठेवा आणि बुधवारी-गुरुवारी कोरा. वरून टोपी कापण्याऐवजी बुडाला भोक पाडा, म्हणजे भोपळा सरळ दिव्यावर ठेवता येतो. आतला गर आणि धागे चमच्याने खरवडून भिंत साधारण इंचभर ठेवा. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं की लवकर सुकत नाहीत. त्यातच थोडं लाल तिखट मिसळा, खारी सहसा तोंड लावत नाहीत. पाऊस पडला की पुन्हा लावायचं. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेवा. पोरं लांब झगे घालून येतात आणि ओणवी होऊन आत बघतात.

कोरायचा मोठा भोपळा खायला पाणचट लागतो. एक छोटा गोड भोपळा वेगळा आणा आणि सासूबाईंना घारगे करायला सांगा. आमच्याकडे त्या दिवसाचा तोच फराळ असतो.

*

प्रतिसाद:

दाराशी शेवंती ठेवा! इथे दुकानात 'मम्स' म्हणून ज्या कुंड्या मिळतात ती शेवंतीच. पिवळ्या आणि विटकरी रंगाच्या चार कुंड्या, पायऱ्यांवर अख्खे भोपळे, खांबांना मक्याची वाळलेली ताटं बांधायची. १ तारखेला फक्त कोरलेला भोपळा उचलायचा. बाकी सगळं तसंच ठेवून वर तोरण आणि आकाशकंदील. मी तीन वर्षं हेच करते आहे. दिव्यांच्या माळा नारिंगी घ्या, त्याही दोन्हीकडे चालतात. वायर बाहेर वापरायचीच घ्या आणि टायमर लावा.

भीतीचा भाग खिडकीत न्या. काळ्या कार्डपेपरची मांजर, वटवाघळं, वाकडं झाड कापून काचेला आतून चिकटवा आणि मागे जांभळा बल्ब लावा. रस्त्यावरून फार सुंदर दिसतं, घरात मात्र नुसता काळा कागद. देवघराच्या खोलीची खिडकी सोडून द्या.

ती कापसासारखी कोळिष्टकं झुडपांवर अजिबात ताणू नका. गेल्या वर्षी आमच्याकडे एक चिमणी त्यात अडकली होती. कात्रीने एकेक धागा कापून सोडवावी लागली. हवीच असतील तर घरात जिन्याच्या कठड्याला लावा.

*

प्रतिसाद:

शेंगदाण्याबद्दल: एक भोपळा मोरपंखी रंगवून दाराशी ठेवा. 'टील पंपकिन प्रोजेक्ट' म्हणतात. फेअर ही खाण्याच्या ॲलर्जीवर काम करणारी संस्था २०१४ पासून देशभर राबवते. अर्थ असा की या घरी खाऊशिवायही काही मिळतं. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या असं काहीही. वाडगा चॉकलेटपेक्षा वेगळा ठेवा. आणि पोर्चचा दिवा लावायला विसरू नका, दिवा बंद म्हणजे इथे येऊ नका अशी इथली रीत आहे.

सासूबाईंसाठी एक सांगू? मी मूळची वसईची. आमच्याकडे २ नोव्हेंबरला कबरी झाडून त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात, गेलेल्यांची आठवण म्हणून. हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, आणि त्याच्याही मागे आयर्लंडचा सुगी संपल्याचा जुना सण आहे. तिकडे सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा हाताशी आला. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला हे परकं वाटणार नाही.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईचं काल रात्री जेवताना वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "दिवा तर आपणही लावतोच की." आज सकाळी त्यांनीच लेकीला भोपळ्यावर खडूने डोळे आखून दिले. कापायचे मात्र गुरुवारी!

मोरपंखी रंग आणलाय. रविवारी शेवंतीच्या कुंड्या आणायला जाऊ. एकच राहिलं: आमच्या पायऱ्या अरुंद आहेत, मुलं चढतील तेव्हा कुंड्या दोन्ही बाजूंना ठेवू की एकाच?