जरा काही झालं की चिडणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणावं?

मंडळी, एक कथा लिहितेय. त्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत. मनाने चांगले, पण दार जोरात आपटलं किंवा कुणी तेच पुन्हा विचारलं की लगेच चिडतात. मी 'तापट' लिहिलंय, पण ते खटकतंय. चिडका, चिडखोर, चिडचिडा, शीघ्रकोपी यातला कुठला शब्द घेऊ?

प्रतिसाद १
तापट नकोच. तापट माणूस भडकतो तेव्हा घर हादरतं, आणि बऱ्याचदा तासाभरात निवळतोही. तुमच्या गृहस्थांचा राग बारीकसारीक गोष्टींवरचा आहे. 'चिडखोर' घ्या. भांडखोर, चुगलखोर यांच्यासारखं त्यात खोड जडल्याचं येतं.

प्रतिसाद २
'चिडका' मात्र टाळा, तो पोरांच्या खेळातला शब्द. डाव हरला की रुसणारा तो चिडका बिब्बा! बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड उठतात, म्हणून ही उपमा मला फार आवडते. पण ती म्हाताऱ्या माणसाला लावली की थट्टा होते. शीघ्रकोपी दुर्वासांना शोभतो, घरातल्या माणसाला तो जड जातो. तिरसट कसा वाटतो?

प्रतिसाद ३
तिरसट माणूस न चिडताही तिरकंच बोलतो, त्यामुळे तो इथे बसणार नाही. आणि चिडखोर ठरवण्याआधी एक बघा: हा मूळ स्वभाव आहे की नंतर असं झालंय? शब्दाच्या आधी 'हल्ली' लावून पाहा. 'हल्ली चिडचिडे झालेत' सहज येतं. 'हल्ली तापट झालेत' जिभेवर अडतं, कारण तापट माणूस जात्याच तापट असतो. झोप न झालेलं मूल, दुखण्याला कंटाळलेला माणूस, हे चिडचिडे होतात. चिडखोर होत नाहीत.

धागाकर्ती
अगदी बरोबर! पत्नी गेल्यापासूनच ते असे झालेत. कथा त्याचीच आहे.

प्रतिसाद ३
मग चिडचिडेच. तेही एकदाच, आणि शक्यतो सुनेच्या तोंडी: "बाबा हल्ली फार चिडचिडे झालेत." बाकी काम क्रियापदांवर सोपवा. 'डाफरले' म्हटलं की समोरचा दबलेला दिसतो, 'खेकसले' म्हटलं की आवाज चढतो. तुम्हाला हवंय ते 'करवादले'. त्यात त्रासही आहे आणि थकवाही. "किती वेळा तेच विचारशील?" ते करवादले. एवढ्यावर परिच्छेद थांबवा, पुढे 'रागाने' लिहू नका.