पैसे कधी द्यायचे, हे बोलीआधीच लिहा

नाण्यांच्या आणि टपाल तिकिटांच्या ऑनलाइन लिलावांबद्दल कुणीतरी मत मांडलं, ‘लिलाव जिंकला की त्याच रात्री पैसे, नाहीतर व्यवहार रद्द’. ते मला अजिबात पटलं नाही. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरसुद्धा पैसे आले नाहीत म्हणून लिलाव रद्द करायचा, तर विक्रेत्याला साधारण चार दिवस थांबावं लागतं. नाण्यांच्या आणि टपाल तिकिटांच्या बाबतीत ही मुदत रास्तच आहे. एकाच विक्रेत्याचे चार-पाच लॉट (लिलावाला ठेवलेल्या वस्तू) वेगवेगळ्या दिवशी संपतात. दोनशे रुपयांच्या नाण्याला प्रत्येक वेळी वेगळा टपालखर्च कोण देणार? म्हणून घेणारा एकत्र बिलासाठी थांबतो, ती टाळाटाळ नव्हे. फक्त तसं एका ओळीत कळवायला हवं. न कळवता गप्प बसणं मात्र चूकच.

विक्रेत्याचा राग मला समजतो. जिंकून गायब होणाऱ्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदारही हातचा जातो, तोवर त्याने दुसरीकडे घेतलेलं असतं. आणि २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेराही देता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटांतल्या लिलावांना तर असे नियमच नसतात. तिथे मुदत, टपालखर्च आणि एकत्र बिल चालेल का, हे फोटोखालीच लिहून टाका. विक्रेत्यांनो, यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर माल पाठवू नका, आधी खात्यात रक्कम जमा झालेली बघा. आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणालं, तर तिथेच व्यवहार थांबवा.