अनुभव धागा: विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा (पुरुष)

आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ, म्हणजे ज्याला सगळे 'फिसू' म्हणतात, त्याच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या उन्हाळी युनिव्हर्सिएडमध्ये पुरुषांचा फुटबॉल अनेक वर्षे खेळला गेला. २०१९ ची नेपल्सची स्पर्धा ही त्या मालिकेतली शेवटची ठरली, कारण त्यानंतर फुटबॉल या क्रीडामहोत्सवातून काढून त्याची वेगळी विश्वचषक स्पर्धा करण्यात आली. आपल्यापैकी कोणी हे सामने प्रत्यक्ष पाहिले असतील, तिथे काम केले असेल, किंवा आपल्याकडे विद्यापीठाच्या संघातून खेळताना या पातळीचा विचार केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. निकाल कुठेही मिळतात. मैदानावर आणि मैदानाभोवती काय दिसले ते हवे आहे.

सालेर्नो, इटली (तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थी)

नेपल्सची स्पर्धा असे म्हटले जात असले तरी फुटबॉल संपूर्ण काम्पानिया प्रांतात विखुरलेला होता. मूळ यजमानपद ब्राझिलियाकडे होते. त्या शहराने आर्थिक कारणांमुळे माघार घेतल्यावर ते नेपल्सकडे आले आणि हाताशी वेळ कमी उरला. एवढ्या अवधीत नवे क्रीडाग्राम बांधणे शक्य नव्हते, म्हणून बंदरात उभ्या केलेल्या प्रवासी जहाजांवर बऱ्याच खेळाडूंची राहण्याची सोय झाली, तर काहींना सालेर्नोजवळच्या फिशानो येथील आमच्या विद्यापीठाच्या आवारात ठेवण्यात आले. परीक्षांच्या दिवसांत ज्या वाटेने आम्ही ग्रंथालयात जात असू, त्याच वाटेवर निरनिराळ्या देशांचे ट्रॅकसूट दिसू लागले. कॅन्टीनसमोरच्या रांगेत कोण कोणत्या खेळाचा, हे पायांवरून ओळखण्याचा आम्हाला नाद लागला होता, आणि फुटबॉलपटू ओळखणे सर्वांत सोपे होते, कारण बर्फाची पिशवी बांधून चालणारे तेच असत.

१३ जुलै २०१९ रोजी अंतिम सामना सालेर्नोच्या आरेकी स्टेडियमवर झाला. जपान विरुद्ध ब्राझील ही जोडी ऐकून गावातले लोक ब्राझीलच्या बाजूने मनाशी निकाल लावूनच आले होते. जपानने ४-१ असा विजय मिळवला आणि त्यांचा आघाडीवीर आयासे उएदा याने तीन गोल केले. माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क इटालियन गृहस्थांनी, जे एरवी सालेर्निताना या इथल्या क्लबच्या प्रत्येक सामन्याला येतात आणि बहुतेक वेळा चिडूनच परततात, मला विचारले की हा मुलगा खरोखर विद्यार्थी आहे का. तो खरोखर विद्यार्थी होता, होसेई विद्यापीठाचा. पण त्याच्या आदल्याच महिन्यात तो जपानच्या वरिष्ठ संघातून कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत खेळून आला होता, हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी हात वर करून दिलेले उत्तर इथे लिहिण्याजोगे नाही.

एक गोष्ट मला विशेष वाटली. युनिव्हर्सिएडच्या परंपरेत पदकवितरणाच्या वेळी विजेत्या देशाच्या राष्ट्रगीताऐवजी 'गाउदेआमुस इगितुर' हे जुने लॅटिन विद्यार्थीगीत वाजवतात. ध्वज वर चढत असतो आणि सूर मात्र कोणत्याच देशाचा नसतो. त्याच स्पर्धेत द्युती चंद हिने १०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हाही तिच्यासाठी 'जन गण मन' वाजावे अशी अपेक्षा असलेल्या आम्हा भारतीय विद्यार्थ्यांचा थोडा विरस झाला होता. त्यामागची कल्पना पुढे मला पटली, त्या संध्याकाळी मात्र पटली नव्हती.

त्सुकुबा, जपान (मूळ पुणे)

वरील अनुभवाला जपानची बाजू जोडतो. मी संशोधनासाठी त्सुकुबा विद्यापीठात आहे. जपानच्या त्या विजेत्या संघातला काओरू मितोमा याच विद्यापीठाचा. कावासाकी फ्रोंताले या क्लबच्या युवा संघातून थेट व्यावसायिक होण्याची संधी त्याला होती. ती बाजूला ठेवून तो विद्यापीठात आला आणि ड्रिब्लिंगवर प्रबंधिका लिहून पदवीधर झाला. २०१७ मध्ये तो तैपेईच्या युनिव्हर्सिएडमध्ये खेळला, जिथे जपानने अंतिम सामन्यात फ्रान्सला १-० असे हरवले, आणि २०१९ मध्ये नेपल्सलाही होता. उएदा, मितोमा आणि तैपेईच्या संघातला हिदेमासा मोरिता हे तिघेही २०२२ च्या कतार विश्वचषकात जपानकडून खेळले.

इथे राहून मला समजलेली गोष्ट अशी की युनिव्हर्सिएड हे या मुलांसाठी वर्षभर चालणाऱ्या खेळाचे एक टोक होते, सुरुवात नव्हे. विद्यापीठांची प्रादेशिक साखळी स्पर्धा हंगामभर चालते, आणि सम्राट करंडक या देशव्यापी बाद फेरीच्या स्पर्धेत विद्यापीठाचा संघ पात्र ठरला तर तो व्यावसायिक संघांशी भिडतो. २०१७ मध्ये त्सुकुबाने पहिल्या श्रेणीतल्या वेगाल्ता सेंदाईला ३-२ असे हरवले होते. मितोमाने त्यात दोन गोल केले. शिवाय विशेष नियुक्त खेळाडू अशी एक सोय आहे, जिच्यामुळे विद्यापीठात शिकत असतानाच खेळाडू व्यावसायिक क्लबकडून अधिकृत सामन्यांत उतरू शकतो. जपानने युनिव्हर्सिएडमध्ये पुरुष फुटबॉलची सात सुवर्णपदके मिळवली, हे या व्यवस्थेकडे पाहिले की फारसे नवल वाटत नाही.

कोल्हापूर (शिवाजी विद्यापीठाचा माजी खेळाडू)

दोन्ही अनुभव वाचून आमची कहाणी लिहावीशी वाटली. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की घरात कोण कोणत्या बाजूला बसणार हेही ठरलेले असते. विद्यापीठाच्या संघात मात्र हेच एकमेकांच्या नडग्या फोडणारे खेळाडू एका जर्सीत येतात. माझा मध्यरक्षणातला जोडीदार दुसऱ्या तालमीचा होता. हंगामात आम्ही एकमेकांशी बोलतही नसू आणि शिबिरात एका खोलीत राहत असू.

मार्ग असा होता: आधी आंतरमहाविद्यालयीन विभागीय सामने, मग कोल्हापूर, सांगली, सातारा यांचे आंतरविभागीय सामने, त्यातून निवड चाचणी, त्यानंतर थोड्या दिवसांचे सराव शिबिर, आणि लगेच पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती बहुतांशी बाद फेरीची असते. रात्रभर रेल्वेने प्रवास करून पोहोचायचे, सकाळी मैदान पाहायचे आणि एक सामना हरलात तर त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीची चौकशी करायची. जे पहिल्या चारांत येतात ते अखिल भारतीय स्पर्धेला जातात. वयाची अट पंचविशीची आहे आणि ती रास्तच आहे.

आम्हाला युनिव्हर्सिएड हे नाव माहीत होते, कारण भारतीय विद्यापीठांच्या संघटनेकडून तिथे चमू जातो हे जिमखान्यात कानावर येत असे. पण त्या चमूत फुटबॉलचा विचार आमच्यापैकी कोणी गंभीरपणे केला नाही. आमची महत्त्वाकांक्षा 'युनिव्हर्सिटी कलर', म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळवून तो ब्लेझर घालण्याची, आणि नोकरीच्या अर्जात क्रीडा प्रमाणपत्र जोडण्याची होती. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. त्या प्रमाणपत्रावर माझ्या संघातील काही जणांची घरे उभी राहिली. परंतु त्सुकुबाच्या मित्राने लिहिलेली वर्षभराची साखळी वाचल्यावर फरक कौशल्यात कमी आणि सामन्यांच्या संख्येत जास्त आहे, असे मला ठामपणे वाटते. विद्यापीठाचा संघ म्हणून आम्ही वर्षातले काही मोजकेच दिवस अस्तित्वात असू.

मडगाव, गोवा

कोल्हापूरकरांशी सहमत आहे. आमच्याकडे चांगला खेळाडू बारावीच्या आतच एखाद्या क्लबच्या नजरेत येतो, आणि क्लबचे सामने व विद्यापीठाचे शिबिर एकाच वेळी आले तर तो क्लबच निवडतो. त्याला दोष कसा द्यावा?

लाफबरो, इंग्लंड

एक छोटी भर. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड फुटबॉलमध्ये वेगवेगळे खेळतात, आणि एकत्र 'ग्रेट ब्रिटन' म्हणून पुरुषांचा संघ क्वचितच दिसतो. युनिव्हर्सिएड ही अशा क्वचित जागांपैकी एक होती. २०११ मध्ये शेनझेनला त्यांनी अंतिम फेरी गाठून जपानकडून, आणि २०१३ मध्ये कझानला फ्रान्सकडून हार पत्करली. इथल्या विद्यापीठाच्या मैदानावर खेळणाऱ्या स्कॉटिश मुलाला मी याविषयी विचारले, तेव्हा त्याने ब्रिटनच्या जर्सीविषयी फार उत्साह दाखवला नाही. रौप्यपदकाविषयी मात्र दाखवला.

त्सुकुबा (पुन्हा)

धाग्याच्या सुरुवातीला उल्लेख झालेल्या नव्या विश्वचषकाविषयी लिहायचे राहिले. त्याची पहिली स्पर्धा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील जिनजियांग येथे झाली. तिथे देशाचा संघ नसतो. विद्यापीठ स्वतःच्या नावाने उतरते. नेपल्सच्या विजेत्या संघात उएदा होसेईचा, मितोमा त्सुकुबाचा आणि रेओ हाताते जुन्तेंदोचा होता. नव्या पद्धतीत हे तिघे एका संघात कधीच आले नसते, वेगवेगळ्या विद्यापीठांकडून खेळले असते. प्रेक्षक म्हणून मला जुनी पद्धत अधिक आवडत होती.

कोल्हापूर

खेळाडू म्हणून मला नवी पद्धत आवडते. राष्ट्रीय विद्यापीठ संघ निवडायचा तर देशभरातील मुले एकत्र आणून पुन्हा तेच थोड्या दिवसांचे शिबिर भरवावे लागते. विद्यापीठानेच जायचे असेल, तर निदान संघ आधीपासून एकमेकांना ओळखणारा असतो, आणि एखाद्या विद्यापीठाने मनावर घेतले तर त्याला वर्षभर सराव सामने खेळवण्यापासून कोणी अडवलेले नाही. आमच्याकडे पावसाळा संपल्यापासून तालमींचे संघ मैदानावर असतातच. त्यांच्याशी विद्यापीठाच्या संघाचे सामने लावायला वेगळ्या परवानगीची गरज नाही. पुढच्या हंगामाआधी आम्ही काही माजी खेळाडू याच मागणीचे पत्र घेऊन क्रीडा विभागात जाणार आहोत.