भाडं थांबवू नका

मालक गळती काढत नाही तर भाडंच बंद करा, असा सल्ला कुणी दिला तर तो अंगाशी येईल. थकबाकी दाखवूनच घर खाली करायला लावतात. आमची गिरगावातली पागडीची इमारत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात राहायचं. मोरीवरचा गिलावा इतका फुगला होता, की आई बादली पार दाराशी ओढून अंघोळ करायची. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस, तरी ढिम्म राहिला तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मेख एकच, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुढे कापता येत नाही. आमचं भाडं महिना ३१० रुपये, म्हणजे वर्षाला कापता येणार जेमतेम ९३०! त्यात गवंडी जिनासुद्धा चढत नाही. पण नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आणि आठवड्यात मालकाचा माणूस शिडी घेऊन हजर. पोचपावती अजून जपून ठेवलीय.