इलियड मुळातून: वृत्त आधी, शब्द आधी की भाषांतर शेजारी?

नवशिका_ग्रीक
अ‍ॅटिक ग्रीकचं (अथेन्सच्या प्राचीन बोलीचं) प्राथमिक व्याकरण झालंय, आता होमरच्या इलियड या महाकाव्याचा पहिला सर्ग मुळातून वाचायला घेतलाय. कथा माहीत आहे, तरी प्रत्येक ओळीत अनोळखी शब्द आडवे येतात आणि ओळखीच्या क्रियापदांची रूपंही पाठ केलेल्या तक्त्यांत सापडत नाहीत. वृत्त तर पहिल्याच ओळीत बिघडतं, पाचव्या गणात एक अक्षर जास्त होतं. सुरुवात नेमकी कुठून करावी?

लघुगुरू
वृत्तापासून. ओळीत सहा गण, प्रत्येक चार मात्रांचा: एक तर भगण (गुरू-लघू-लघू), नाहीतर दोन गुरू. पाचवा बहुधा भगणच असतो. सहावा दोन अक्षरांचा, त्यातलं शेवटचं लघू असलं तरी चालतं.

मराठी कान फसतो तो ए आणि ओ पाशी. आपल्याकडे हे दोन्ही कायम गुरू. ग्रीकमध्ये एप्सिलॉन (ए) आणि ओमिक्रॉन (ओ) लघू, एटा (ए) आणि ओमेगा (ओ) गुरू. देवनागरीत उतरवून वाचलं की हा भेदच पुसला जातो, म्हणून सराव ग्रीक लिपीतूनच करा. जोडाक्षरामागचं अक्षर गुरू हा नियम ओळखीचाच आहे, फक्त इथे तो दोन शब्दांमधली हद्द ओलांडूनही लागतो.

तुमची ओळ अशी पडते:
मे-नि-न | एइ-दे-थे | आ-पे | ले-इ-अ | देओ-अ-खि | ले-ओस

जास्तीचं अक्षर 'देओ'तलं. तिथले दोन स्वर मिळून एकच गुरू अक्षर धरायचं.

आता सातवी ओळ बघा. 'ते' नंतर लगेच 'अनाक्स' (राजा) येतो, तरी 'ते'चा स्वर एरवीसारखा गळत नाही. कारण 'अनाक्स'च्या आरंभी पूर्वी 'व'सारखा ध्वनी होता, डिगामा. लिहिण्यातून तो गेला, वृत्तात त्याची जागा राहिली. दोन स्वर असे विनाकारण शेजारी दिसले की आधी डिगामाचा संशय घ्यावा. याच ओळीत अकिलीसच्या नावात ल दोनदा आहे, पहिल्या ओळीत एकदाच. छापण्यातली चूक नव्हे, दोन्ही रूपं शुद्ध आहेत. वृत्ताला जे हवं ते कवी घेतो.

आगमनिगम
रूपं न सापडण्याचं मुख्य कारण आगम. संस्कृतात 'अगच्छत्'मध्ये 'अ' लागतो तसा ग्रीक भूतकाळात 'ए' लागतो, पण होमर तो हवा तेव्हा गाळतो. चौथ्या ओळीत 'तेउखे' आगमाविना आहे आणि पाचवीत 'एतेलेइएतो' आगमासह. तेव्हा आरंभी 'ए' नाही म्हणून लगेच वर्तमानकाळ समजू नका, शेवटचा प्रत्यय तपासा.

उपसर्गही क्रियापदापासून सुटा राहतो, ऋग्वेदात राहतो तसाच. 25 व्या ओळीत 'एपि' आणि 'एतेल्ले' यांच्या मध्ये 'मुथोन' आहे. 'एपि'ला शब्दयोगी मानलं की वाक्य लागत नाही. अ‍ॅटिकमधलं 'हो, हे, तो' हे उपपद (इंग्रजी 'the'सारखं) इथे बहुतेकदा सर्वनाम असतं. षष्ठीला -ऊऐवजी -ओइओही येतो: 34 व्या ओळीतला 'पोलुफ्लोइस्बोइओ थालास्सेस' मोठ्याने म्हणा, गर्जणारा समुद्र त्या अक्षरांतच ऐकू येतो.

सर्गारंभ
पहिल्या सर्गात 611 ओळी आहेत. रोज दहा घेतल्या तर दोन महिने लागतील, आणि तो वेग चांगला आहे. आदल्या दिवसाच्या दहा ओळी आधी मोठ्याने वाचून मगच नव्या घ्या. ही पायरी गाळली की शब्द टिकत नाहीत.

अर्थ ओळींच्या मध्ये लिहू नका, पुढच्या वाचनात डोळा तिथेच जातो. पानाच्या समासात लिहा. भाषांतर आपला अन्वय लावून झाल्यावरच उघडायचं. कोश फक्त होमरचा वापरा, कन्लिफचा (1924) उत्तम. मोठ्या सर्वसाधारण कोशात नंतरच्या शतकांतले अर्थ मिसळलेले असतात.

एकदाच येणारे शब्द पाठ करण्यात शक्ती घालवू नका. ठरीव वाक्खंड मात्र लगेच पाठ करा. 'तोन द-अपामेइबोमेनोस प्रोसेफे' (त्याला उत्तर देत म्हणाला) एवढं आलं की अर्धी ओळ झाली. उरलेल्या जागेत 'चपळ पायांचा अकिलीस' बसतो आणि 'बहुबुद्धी ओदिस्सेउस'ही, दोन्हींची मात्रासंख्या सारखीच.

नवशिका_ग्रीक
खूप आभार, 'देओ'चा उलगडा झाला. पहिल्यानंतर सरळ दुसरा सर्ग घ्यावा का?

सर्गारंभ
नको. दुसऱ्यात 494 व्या ओळीपासून जहाजांची यादी सुरू होते, नुसती नावं आणि गावं. सहावा घ्या: 529 ओळी, शेवटाकडे ट्रॉयचा वीर हेक्टर आणि त्याची पत्नी आंद्रोमाखी यांची भेट. यादी नंतर वाचा, पण वाचा नक्की.